सिम राउटर बसवताना: आधी जागा, मग सेटिंग

‘तेच सिम मोबाइलमध्ये झकास चालतं, राउटरमध्ये घातलं की रखडतं.’ सिमवर चालणाऱ्या ४जी-५जी राउटरबद्दलची ही ठरलेली तक्रार. मग माणूस प्लॅन बदलतो, सिम बदलतो आणि शेवटी राउटर परत करतो. राउटर मात्र पहिल्या दिवसापासून टीव्हीखालच्या कपाटात बसलेला असतो, कारण प्लग तिथे आहे. फायबरचा राउटर तिथे चालतो, कारण त्याच्यापर्यंत वायर येते. सिम राउटरला टॉवर ऐकू यावा लागतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तिसरा टप्पा गाळून चौथ्यावर उडी मारली तर पुढची सगळी खटपट वाया जाते.

## १. विकत घेण्याआधी: बँड जुळतात का ते बघा

खोक्यावर नुसतं ‘४जी’ किंवा ‘५जी’ छापलेलं असून भागत नाही. आपल्याकडच्या कंपन्या ज्या बँडवर (म्हणजे रेडिओलहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर) चालतात, ते बँड त्या राउटरच्या यादीत हवेत.

- जिओ, ४जी: बँड ३, ५ आणि ४०
- एअरटेल, ४जी: मुख्यतः बँड १, ३, ८ आणि ४०
- वी (व्होडाफोन-आयडिया), ४जी: मुख्यतः बँड १, ३, ८ आणि ४१
- बीएसएनएल, ४जी: बँड १ आणि २८
- ५जी: सगळीकडे मुख्य बँड एन७८, जिओसाठी शिवाय एन२८

अमेरिकेहून येताना मुलाने आणलेला राउटर इथे बहुधा निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. तिकडच्या यंत्रात बँड २, ४, १२, १३, ६६ असतात आणि आपले निम्मे गायब असतात. बीएसएनएल वापरणार असाल तर बँड २८ आवर्जून बघा, स्वस्त राउटरमध्ये तोच नेमका वगळलेला असतो. जिओचं ५जी ४जीचा आधार न घेता चालतं, त्यामुळे राउटरच्या माहितीपत्रकात ५जीपुढे ‘एसए’ लिहिलेलं असायला हवं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे कॅटेगरी. ‘कॅट ४’ राउटर एका वेळी एकच बँड वापरतो, त्याची कागदावरची कमाल गती १५० एमबीपीएस. ‘कॅट ६’ दोन बँड एकत्र जोडू शकतो, ३०० एमबीपीएसपर्यंत. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की हा फरक खरा जाणवतो. दोन-तीन जणांच्या घराला कॅट ४ पुरतो. दहा जणांच्या कार्यालयाला तो घेऊ नका.

सावधान: मोबाइल कंपनीने स्वतःच्या योजनेसोबत दिलेलं यंत्र बहुतेकदा त्याच कंपनीला बांधलेलं असतं. दुसरं सिम चालवायचं असेल तर ‘सर्व सिमसाठी खुला’ असं बिलावर लिहून घ्या. आणि राउटरचा आयएमईआय (यंत्राची ओळख सांगणारा) क्रमांक बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, तो गुन्हा आहे.

## २. सिम आणि प्लॅन

रोज २ जीबी देणारा मोबाइलचा प्लॅन राउटरमध्ये घालणं ही सर्रास होणारी चूक. एचडी चित्रपट तासाला साधारण २ ते ३ जीबी खातो, व्हिडिओ मीटिंग १ जीबीच्या आसपास. म्हणजे सकाळच्या दोन मीटिंगांत दिवसाचा कोटा संपला. त्यानंतर गती उतरते ती थेट ६४ केबीपीएसवर. तेव्हा राउटरचा दिवा हिरवाच असतो, रेंज पूर्ण असते, फक्त काही उघडत नाही. लोक राउटरला दोष देतात आणि मध्यरात्रीनंतर तो आपोआप ‘सुधारतो’.

शक्यतो रोजच्या कोट्याऐवजी एकत्र डेटा देणारा प्लॅन घ्या. ‘अमर्याद ५जी’ असं लिहिलेल्या प्लॅनच्या अटी नीट वाचा. ती सवलत फक्त मोबाइल हँडसेटपुरती असू शकते.

बँकेला जोडलेला नंबर राउटरमध्ये घालू नका. ओटीपी राउटरच्या मेसेज पेटीत जाऊन पडतील आणि ते बघायला दर वेळी राउटरचं पान उघडावं लागेल. ही पेटीही लहान असते, भरली की नवे मेसेज येत नाहीत. रिचार्ज संपत आल्याचा मेसेजही तिथेच येणार, म्हणून मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आधीच टाकून ठेवा.

तपासा: सिम आधी मोबाइलमध्ये घाला. वाय-फाय बंद करून एक पान उघडा, एक फोन लावा. सिमला पिन लावलेला असेल तर तो इथेच काढून टाका. राउटरमध्ये तीन वेळा चुकीचा पिन गेला की सिम पीयूके (कुलूपबंद सिम उघडायचा कोड) मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

## ३. जागा शोधणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हे काम राउटरने नाही, मोबाइलने करायचं. राउटरमध्ये जाणारं सिम मोबाइलमध्येच राहू द्या, वाय-फाय बंद करा आणि नेटवर्क फक्त ४जीवर ठेवा.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका. चार दांड्या म्हणजे नेमकं किती हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. आकडे बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाइप केलं की फोनची माहिती उघडते. नाही उघडली तर सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ बघा. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. त्यात दोन आकडे शोधायचे आहेत.

आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा पोचतोय. हा उणे आकडा असतो आणि इथेच गल्लत होते: −८५ हा −१०५ पेक्षा चांगला. नुसता चांगला नाही, दर १० डेसिबलला दहा पट धरून तो शंभर पट जास्त ताकदीचा. −९० पर्यंत उत्तम, −९० ते −१०० चालेल, −११० च्या खाली गेला की तिथे राउटर ठेवण्यात अर्थ नाही.

एसआयएनआर, म्हणजे तो आवाज गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो. २० च्या वर सुरेख, १० ते २० ठीक, ० ते १० रडतखडत, शून्याखाली बेभरवशाचं. काही फोनवर हा आकडा ‘आरएसएसएनआर’ नावाने दिसतो.

आता घरभर फिरा. प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबा, कारण आकडा लगेच स्थिरावत नाही. खांद्याच्या उंचीला एकदा आणि हात वर करून एकदा, असं दोनदा मोजा. कागदावर लिहा, लक्षात राहत नाही. समजा दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असं निघालं:

- हॉल, टीव्हीजवळ: −११२, एसआयएनआर १
- स्वयंपाकघराची खिडकी: −८८, एसआयएनआर ३
- मागची बेडरूम, कपाटावर: −९७, एसआयएनआर १४

बहुतेक जण स्वयंपाकघर निवडतील, कारण तिथे रेंज सगळ्यात जास्त. निवडायची मात्र बेडरूम. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन टॉवर सारख्याच जोराने ऐकू येत असणार आणि एकमेकांच्या आवाजात मिसळत असणार. जोर आहे, पण शब्द कळत नाहीत. बेडरूममध्ये आवाज बारीक, पण स्वच्छ. गती स्वच्छतेवर ठरते.

जागा हेरताना भिंतींचाही विचार करा. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती, स्लॅब, पत्र्याचं छत, लोखंडी कपाट, ही सगळी रेंज खातात. नव्या कार्यालयांच्या आरशासारख्या चकाकणाऱ्या काचांवर धातूचा पातळ थर असतो. तिथे खिडकीजवळ काचेमागे मोजा, मग तावदान उघडून मोजा. १०-१५ डेसिबलचा फरक पडला तर दोष काचेचा. बँड ५ आणि ८ भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, ४० आणि ४१ कमी, आणि ५जीचा एन७८ एका जाड भिंतीतच गळपटतो. आजूबाजूला झाडी दाट असेल तर पावसाळ्यात पुन्हा मोजा. ओली पानं रेंज अडवतात, आमराईतल्या घरांना हे जुलैत कळतं.

टॉवर कोणत्या दिशेला आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर नकाशात दिसतं. दिशा कळली की त्या बाजूच्या खोल्या आधी मोजा.

सावधान: मोजल्यावर जी जागा निघेल तिथे प्लग नसेल तर एक्स्टेंशन ओढा. राउटर प्लगकडे नेऊ नका. वाय-फाय पुढच्या खोल्यांत पोचत नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे, लॅन केबल टाकून सुटतो. टॉवर ऐकू येत नसेल तर त्याला आतून काही इलाज नाही.

## ४. सिम घालून पहिल्यांदा सुरू करणं

१. राउटर बंद असताना सिम घाला. राउटर चालू असताना सिम सरकवलं तर बरेच राउटर ते ओळखत नाहीत.

२. खाच कोणत्या आकाराची आहे ते बघा. आजची सिम नॅनो असतात, जुन्या राउटरची खाच मायक्रो असते. प्लास्टिकच्या रिकाम्या चौकटीत नॅनो सिम बसवून आत ढकललं तर काढताना सिम निसटून चौकट आत अडकते आणि खाचेच्या पिना वाकतात. चौकट वापरायचीच असेल तर मागून पातळ चिकटपट्टी लावा.

३. अँटेना हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. बाहेर दिसणाऱ्या दांड्या सगळ्या ४जीच्या नसतात, काही वाय-फायच्या असतात. प्रत्येक स्क्रूजवळ काय लिहिलंय ते वाचूनच लावा.

४. सोबत आलेलाच अडॅप्टर वापरा. ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा यांची पिन बाहेरून सारखीच दिसते. १२ व्होल्टचा राउटर ९ व्होल्टवर चालू होतो, दिवे लागतात, आणि डेटाचा ताण आला की पुन्हा पुन्हा बंद पडतो. मग लोक नेटवर्कला शिव्या घालत बसतात.

५. तीन मिनिटं थांबा. मग लॅपटॉप लॅन केबलने जोडा. पहिली जुळणी वाय-फायवरून करू नका, कारण वाय-फायचं नाव बदललं की मध्येच जोडणी तुटते.

६. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या तळाला छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.८.१.

तपासा: राउटरच्या स्टेटस पानावरही आरएसआरपी आणि एसआयएनआर दिसतात. मोबाइलने मोजलेल्या आकड्यांच्या आसपास असतील तर पुढे जा. १५ डेसिबलने कमी असतील तर अँटेना सैल आहे, चुकीच्या जागी लागला आहे, किंवा सेटिंगमध्ये अँटेना ‘बाहेरचा’ निवडलेला असून प्रत्यक्षात लावलेलाच नाही.

## ५. एपीएन

रेंज आहे, कंपनीचं नाव दिसतंय, पण इंटरनेट नाही, असं झालं की पहिला संशय एपीएनवर, म्हणजे राउटरला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या नावावर. राउटर ते आपोआप भरतो, पण प्रत्येक वेळी बरोबर भरतोच असं नाही. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’. टाकताना सगळी इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये जागा नको. शेवटी चुकून एक स्पेस पडली तरी जोडणी होत नाही आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवा. आयपीचा प्रकार आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असलेला निवडा.

शंका आली तर तेच सिम मोबाइलमध्ये घालून तिथला एपीएन जसाच्या तसा उतरवून घ्या. राउटरमध्ये बदल सेव्ह केल्यावर तो बंद करून पुन्हा चालू करा.

## ६. पासवर्ड आणि वाय-फाय

इथे वेळ घालवायचं कारण नाही, पण गाळायचंही नाही. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला (हा आणि वाय-फायचा पासवर्ड वेगळे). सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून जोडण्याची सोय) बंद. २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय सुरू करा. डेटा मोजून मिळतो तेव्हा याचं महत्त्व आपोआप कळतं.

मोबाइल आणि लॅपटॉपवर हे वाय-फाय ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा. नाहीतर विंडोजचं अपडेट आणि फोटोंचा बॅकअप मिळून महिन्याचा डेटा आठवड्यात संपवतील.

## ७. गती तपासणं आणि बँड निवडणं

गती लॅन केबलवरून मोजा. वाय-फायवरून मोजली तर दोष टॉवरचा की भिंतीचा ते कळत नाही. सकाळी ७ ला, दुपारी ३ ला आणि रात्री ९ ला, अशी तीन वेळा मोजा. सकाळी ४० आणि रात्री ३ एमबीपीएस येत असेल तर राउटर ठणठणीत आहे, टॉवरवर गर्दी आहे. यावर इलाज दोनच: दुसरा बँड किंवा दुसरी कंपनी.

राउटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर एकेक बँड पकडून रात्री ९ ला मोजा. राउटर बहुधा जोरात ऐकू येणाऱ्या बँडला चिकटतो, म्हणजे बँड ५ किंवा ८ ला. त्यांची पोच लांबवर, पण रुंदी कमी, आणि सगळा परिसर त्यांवरच लटकलेला. आरएसआरपी दहाने कमी असूनही बँड ४० जास्त गती देतो, असं शहरात पुष्कळदा आढळतं.

सावधान: कॅट ६ किंवा वरच्या राउटरला एकाच बँडवर बांधलंत तर दोन बँड जोडण्याची त्याची क्षमता मारली जाते. अशा राउटरवर दोन बँडना खूण करून ठेवा. आणि कधीही एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा, बँड आणि एपीएन एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळणार नाही.

## ८. बाहेरचा अँटेना, गरज असेल तरच

घरात कुठेच आरएसआरपी −१०५ च्या वर येत नसेल आणि गच्चीवर −९० येत असेल, तरच हा खर्च करा. गच्चीवरही −११० असेल तर अँटेना चमत्कार करणार नाही.

४जीला दोन अँटेना लागतात, म्हणून एकाच पेटीत दोन केबल असलेला अँटेना घ्या. एकच केबल जोडलीत तर गती निम्मी. केबल शक्य तितकी आखूड ठेवा. बाजारात सोबत मिळणारी बारीक केबल या लहरींवर दर मीटरला अर्ध्या डेसिबलहून जास्त गमावते. १५ मीटर केबल टाकली की अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच सांडलं. जाड एलएमआर-४०० केबलमध्ये हे नुकसान मीटरला पाव डेसिबलहून कमी. लांब जायचंच असेल तर त्याहून बरा उपाय म्हणजे राउटर वर अँटेनाजवळ ठेवून खाली लॅन केबल आणणं. फक्त पत्र्याखाली नको. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, विदर्भातला मे महिना त्यांना झेपत नाही.

अँटेना फिरवताना १०-१० अंशांनी फिरवा, दर वेळी एक मिनिट थांबा आणि एसआयएनआर बघून ठरवा. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, केबलवरून आत ओघळणार नाही. खांबाला अर्थिंग द्या. मृगाच्या आधीच्या विजांच्या पावसात केबल राउटरपासून काढून ठेवणं सगळ्यात सुरक्षित.

सावधान: अँटेना हा अँटेना, ‘मोबाइल बूस्टर’ वेगळा. परवानगीशिवाय बूस्टर किंवा रिपीटर बसवणं बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. दुकानदार दोन्हींना एकाच नावाने विकतो.

## ९. वीज

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेताना एमएएचचा आकडा बघून भुलू नका, वॅट-तास काढा. २००० एमएएचच्या तीन सेल म्हणजे २ गुणिले ३.७ गुणिले ३, सुमारे २२ वॅट-तास. वाया जाणारं वजा करून १८ धरा. राउटर ६ वॅट खात असेल तर ३ तास. पिनचा व्यासही तपासा: २.१ आणि २.५ मिलिमीटर हे दोन प्रकार असतात आणि चुकीची पिन सैल बसून धक्क्याने सुटते. लांबच्या भारनियमनात टॉवरचीही बॅटरी संपते, तेव्हा घरातला यूपीएस नुसता राउटर जागा ठेवतो.

## १०. कार्यालयासाठी जास्तीचं

फायबर बंद पडल्यावर सिमवर आपोआप जाण्याची सोय करायची असेल तर सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली की त्याच कंपनीचा टॉवरही कधीकधी सोबत बसतो. फायबर चालू आहे का हे तपासण्यासाठी राउटरला ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे बाहेरचे दोन पत्ते द्या. फायबरच्या मोडेमचाच पत्ता दिलात तर केबल तुटली तरी मोडेम उत्तर देत राहतो आणि सिम कधी जागंच होत नाही. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदलून १९२.१६८.५.१ करा. परत फायबरवर यायला दोन-तीन मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर फायबर लुकलुकत असताना जोडणी सारखी इकडून तिकडे उड्या मारते आणि बिल करताना टॅली लटकतं.

सीसीटीव्ही बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) उघडण्यात दिवस घालवू नका. आधी स्टेटस पानावर राउटरला मिळालेला आयपीव्ही४ पत्ता बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलेलं आहे, बाहेरून आत येण्याची वाटच नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) लावा, किंवा कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या. व्हीपीएन जोडलं जातं पण मोठ्या फाइली अडकतात असं झालं तर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १५०० वरून १४०० वर आणून बघा.

शेवटी, ठरलेली जागा, बँड आणि त्या वेळचे आरएसआरपी-एसआयएनआर एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या मागे चिकटवा. सहा महिन्यांनी ‘नेट हळू झालंय’ अशी तक्रार आली की आधी त्या आकड्यांशी आजचे आकडे ताडून बघा. आकडे तेच असतील तर गर्दी वाढली आहे. बदलले असतील तर साफसफाईत कोणीतरी राउटर परत टीव्हीखाली ठेवला आहे का ते बघा.